बदलीला हात लावायचा नाही

परवा ऑफिसात एका नव्या मुलीनं आमच्या जुन्या कोडमध्ये डोकं घातलं आणि वर काढून विचारलं, "सर, ये 'बदली' नाम का फोल्डर क्या है? और ये 'चोपदार' कौन है?"

"पुराना है. छोड दो," मी म्हणालो.

इतकी वर्षं माझं हेच उत्तर आहे. मी मुळात कमी बोलतो. लोक त्याला सभ्यपणा समजतात आणि मीही समजू देतो. पण ती मुलगी जागेवर जाऊन बसली तरी तो फोल्डर करणारे तारेसाहेब काही डोक्यातून जाईनात. म्हणून हे लिहायला घेतलं. त्यांची थट्टा मी जन्मभर केली आहे, ती इथेही करणार. पण या वेळी सगळं सांगणार.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. इंदूरच्या मिलचे भोंगे एकेक करून गप्प झाले होते आणि छापून येईल त्यात कोणीतरी सांगत होतं की आता पुढे सगळं सॉफ्टवेअर. मनीषभियांनी ते मनावर घेतलं. वडिलांचं कापडाचं दुकान होतं, त्यात त्यांचं मन रमत नव्हतं. अन्नपूर्णा भागात एका पिठाच्या चक्कीच्या वर त्यांनी दोन खोल्या घेतल्या, कॉम्प्युटर मांडले, नारळ फोडला आणि कंपनी सुरू झाली. खाली गहू दळला की वर आमच्या टेबलांवर त्याची बारीक पांढरी साय बसायची. संध्याकाळी कीबोर्ड पोळपाटासारखे उलटे करून झटकावे लागत. आमच्या कोणाकडेच नेमणुकीचा कागद नव्हता, पण उद्या अमेरिकेला जाणार असल्यासारखे आम्ही वागत होतो.

तारेसाहेब तिथे आले ते बंद पडलेल्या मिलमधून. सफारी सूट, कपाळाला गंध, खिशाला पेनांची रांग, आणि त्यातलं एकही पेन चालत नसे. मनीषभियांनी मुलाखतीत विचारलं, "तारेजी, आपको यूनिक्स आता है?" तारेसाहेबांनी खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाले, "ते होईल. आधी मला सांगा, तुमचं अर्थिंग कोणी केलंय?" पुढचा सगळा वेळ त्यांनीच प्रश्न विचारले. वायरी कुठून येतात, मशीनवर कापड का घालत नाही, खालचा चक्कीवाला कोणत्या वेळी चक्की लावतो. शेवटी उठले, म्हणाले, "ठीक आहे. सोमवारी येतो." मनीषभिया नंतर आम्हाला म्हणाले, "समझ में नहीं आया यार, किसने किसको रखा."

मिलमध्ये ते कॉम्प्युटर खात्याचे प्रमुख होते. खातं म्हणजे एक मशीन, एक एसी आणि ते स्वतः. कामगारांचे पगार त्या मशीनवर निघत, त्यामुळे हजारो माणसांचं आयुष्य आपल्याच एका बटणावर चालत होतं अशी त्यांची समजूत होती. पितळी पाटी त्यांनी मिलमधून बरोबर आणली होती: श्री. श्री. मु. तारे, विभागप्रमुख. आमच्याकडे त्यांना केबिन नव्हती, म्हणून ती त्यांनी टेबलाच्या कडेला ठोकली. खुर्ची मागे सरकवली की पाटी गुडघ्याला लागायची. ते कळवळायचे आणि पाटी पुसायचे.

"मिल बंद झाली तेव्हा शेवटचा मी बाहेर पडलो," ते सांगत. "दिवा मी मालवला."

"कंदील मालवला असेल," रेखा म्हणायची. "लाईट तो पहलेही कट गई थी."

रेखा आमच्याकडे टेस्टिंग करायची. आम्ही केलेलं काम चालवून बघायचं, मोडून दाखवायचं आणि वर हसायचं, असं तिचं काम. ती मिलच्या मागच्या वस्तीत वाढलेली. तिच्यासमोर मिलच्या गप्पा मारणं धोक्याचं होतं, पण तारेसाहेबांना धोके कळत नसत.

त्या दिव्याच्या गोष्टीचा शेवट मात्र ते जरा हळू आवाजात करायचे. "गेटाबाहेर जाऊन उभं राहणं एकदा झालं. पुन्हा नाही होणार." इतकं बोलून लगेच कोणाला तरी ओरडायचे, चहा गार का म्हणून.

आता कामाचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. परदेशातल्या एका गिऱ्हाइकाचं भलंमोठं सॉफ्टवेअर होतं. ते यूनिक्सच्या मशीनवर बांधलं जायचं, म्हणजे शेकडो लहान लहान फाइली एकत्र येऊन त्यांचा एक चालता प्रोग्राम व्हायचा. गिऱ्हाइकाला तेच बांधकाम आता विंडोजवर करून हवं होतं. हे जमलं तर पुढची सगळी कामं आम्हाला, नाही जमलं तर मनीषभिया पुन्हा कापडाच्या दुकानात. अडचण अशी, की यूनिक्समध्ये एका फाइलची लिंक हवी तिथे ठेवता येते. फाइल तिच्या घरी एकच, आणि बाकी ठिकाणी नुसती तिच्या नावाची पाटी. कुठल्याही पाटीतून आत जा, गाठ त्याच फाइलीशी. गिऱ्हाइकाचं सगळं बांधकाम या पाट्यांवर उभं होतं. आमच्या तेव्हाच्या विंडोजला पाट्या हा प्रकारच ठाऊक नव्हता. पाटी लावायला गेलं की तिथे तुम्हाला खरं घरच बांधावं लागे.

आम्ही पोरं आठवडाभर डोकी खाजवत होतो. तारेसाहेब म्हणाले, "सोपं आहे. बदली उभे करा."

मिलमध्ये कायम कामगार आला नाही, की गेटाशी आशेनं उभ्या असलेल्या माणसांतून एकाला आत घेऊन त्याच्या मशीनवर उभं करत. तो बदली. तसंच इथे. जिथे लिंक आहे तिथे मूळ फाइलीची कॉपी आणून ठेवायची. मूळ फाइल कायम, कॉपी बदली. सगळ्या कॉप्यांचा एक फोल्डर, त्याचं नावही 'बदली'. हे काम करणारा प्रोग्राम त्यांनी लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं 'चोपदार', कारण त्यांचे आजोबा होळकर दरबारात होते. कोणत्या हुद्द्यावर, ते दर वेळी बदलायचं. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला आजोबा खासगी कारभाराच्या दप्तरात कारकून होते. दिवाळीपर्यंत ते महाराजांना सल्ला देऊ लागले होते. चोपदाराच्या पाठोपाठ 'हुजऱ्या' आला, 'फडणीस' आला. रेखा म्हणाली, "अब बस महाराज की कमी है." तारेसाहेब पाटी पुसत गंभीरपणे म्हणाले, "महाराजांचं काम प्रोग्राम करत नाहीत."

चोपदाराचा नियम असा होता. बांधकाम सुरू झालं की तो प्रत्येक फाइलीच्या दारात जाऊन वेळ बघायचा. कायम फाइल बदलीपेक्षा नवी असेल तर जुनी कॉपी काढून नवी ठेवायचा. बदली नवी दिसली, तर सगळं ठीक म्हणून पुढे जायचा. हे शेवटचं लक्षात असू द्या.

आणि माणसांसाठी नियम एकच, तो ते दिवसातून कितीदा तरी ऐकवत: "बदलीला हात लावायचा नाही. दुरुस्ती करायची ती कायममध्ये. बदलीला काही शिकवू नका, उद्या तो तिथे नसतो." मग मिलचा दाखला यायचाच. "आमच्याकडे बदलीवाल्याला कोणी नावानं हाक मारत नसे. कायम आला की हा बाहेर. मिल बंद झाली तेव्हा कायमवाल्यांचा काहीतरी हिशेब तरी झाला, यांचा प्रश्नच आला नाही. सिस्टिम म्हणून बघाल तर एकदम साफ."

एकदा हे चाललं असताना रेखानं स्क्रीनवरची नजर न काढता म्हटलं, "मेरे पापा बदली थे, तारेजी."

तारेसाहेब खुर्चीतल्या खुर्चीत तिच्याकडे वळले.

"कोणत्या खात्यात?" त्यांनी विचारलं.

"स्पिनिंग."

"नाव?"

तिनं नाव सांगितलं. तारेसाहेबांनी खूप आठवल्यासारखं केलं. मग म्हणाले, "क्या है कि, बदलीवाल्यांची नावं माझ्याकडे येत नसत. नंबर येत."

दुसरा माणूस असता तर इथेच मेला असता. तारेसाहेब दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वडिलांना माझा नमस्कार सांग."

"नहीं लेंगे, सर," रेखा म्हणाली.

"तरी सांग," ते म्हणाले, आणि जागेवर जाऊन बसताना पाटी गुडघ्याला लागली.

हे सगळं मी माझ्या खुर्चीत बसून बघायचो आणि ते जेवायला घरी गेले की बाकीच्यांना करून दाखवायचो. त्यांची नक्कल मला फार छान जमायची. पेनं खिशाला लावून, गुडघा चोळत, "आधी मला सांगा, अर्थिंग कोणी केलंय?" मनीषभिया एकदा हे बघत दारात उभे होते. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पुराणिक, तू तो छुपा रुस्तम निकला," म्हणाले. एरवी न बोलणाऱ्या माणसाला कोणी हसलं की काय चढतं, ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे.

काम पुरं होत आलं तेव्हा गिऱ्हाइकाचा बंगलोरचा माणूस बघायला आला. तरुण, टायवाला, पिठाच्या भीतीनं खुर्चीच्या टोकावर बसलेला. तारेसाहेबांनी सफारीवर कोट चढवला होता. त्यांनी आधी त्याला आजोबांबद्दल सांगितलं, मग चोपदाराबद्दल, आणि मग बांधकाम सुरू केलं. ते मध्येच थांबलं. स्क्रीनवर चूक सांगणारी एक लांबलचक ओळ आली.

फाइलीत चूक असली की मशीन तिचा पत्ता दाखवतं. आणि मशीन वाचत होतं कॉपी, म्हणजे पत्ता आला तो बदलीचा. बंगलोरचा माणूस घड्याळाकडे बघू लागला. मनीषभियांच्या चेहऱ्यावर कापडाचं दुकान दिसू लागलं. तारेसाहेबांनी तो पत्ता वाचला, तीच फाइल उघडली, कोणी हात लावू नये म्हणून त्यांनी स्वतःच तिला घातलेलं कुलूप काढलं, एक ओळ नीट केली आणि पुन्हा बांधकाम लावलं. ते शेवटपर्यंत गेलं.

टाळ्या झाल्या. पोहे-जिलबी आली. "असं असतं," तारेसाहेब पाहुण्याला म्हणाले, "अनुभव लागतो." ज्यांनी आम्हाला महिनोन्‌महिने बदलीला हात लावू दिला नाही, त्यांनी पाहुण्याच्या देखत बदलीलाच शिकवलं होतं, आणि जिलबीच्या पहिल्या घासाबरोबर ते विसरूनही गेले. त्यानंतर रेखानं त्याच मशीनवर सगळं पुन्हा पुन्हा चालवून बघितलं, दर वेळी बरोबर. कारण बदली कायमपेक्षा नवी होती, आणि चोपदार तिला मुजरा करून पुढे जात होता.

कामाची सीडी गिऱ्हाइकाकडे गेली. सीडीत अर्थात फक्त कायम फाइली. बदल्या कशाला पाठवायच्या, त्या जिथल्या तिथे तयार होतात. तिकडे तयार झाल्या, जुनी चूक घेऊन. बांधकाम पहिल्याच दिवशी कोसळलं आणि गिऱ्हाइकाची मेल आली. भाषा फार सभ्य होती, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

सकाळी मनीषभिया वडिलांच्या दुकानातून फोनवर ओरडले, "शाम को आता हूँ. तब तक पता लगाओ किसने किया." मी शोधायला बसलो. दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडल्या आणि ती एक ओळ दिसली. मागे कोणीतरी उभं असल्याचं जाणवलं. तारेसाहेब होते. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, पुन्हा वाचलं.

"हात माझाच आहे," ते म्हणाले.

मी खुर्ची जरा बाजूला सरकवली.

"मी सांगतो मनीषला. संध्याकाळी येऊ दे त्याला. तू मध्ये पडू नकोस, पुराणिक."

"बरं," मी म्हणालो.

मग ते नेहमीसारखे जेवायला घरी गेले. ते गेल्यावर फोन वाजला. मनीषभियाच होते. "पुराणिक, कुछ पता चला?"

"देख रहे हैं" म्हणता आलं असतं. खोटंही झालं नसतं. मी सगळं सांगितलं, क्रमवार, बंगलोरच्या माणसासकट. आजवर हे मी स्वतःला असं समजावलं की गिऱ्हाईक जात होतं, वेळ नव्हता, खरं ते खरं. पण त्याच्यापुढे मी आणखी एक वाक्य बोललो, ते कोणी विचारलं नव्हतं. "सर, ये कॉपी वाला तरीका ही गलत है. मैं दूसरा लिख सकता हूँ."

रेखा समोर होती. तिला तारेसाहेबांबद्दल माया असायचं काहीच कारण नव्हतं. तरी ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "शाम तक रुक जाता, भिया."

संध्याकाळी मनीषभिया आले. तारेसाहेब खुर्चीतून उठले. घरून येताना त्यांनी कोट घातला होता आणि केस पाणी लावून बसवले होते. "मनीषजी," ते म्हणाले, "एक सांगायचं होतं."

मनीषभियांनी हात वर केला. "पता है, तारेजी. पुराणिक ने बता दिया."

तारेसाहेबांचं तोंड उघडं होतं, ते त्यांनी मिटलं. माझ्याकडे बघितलं नाही. बघतील म्हणून मी कीबोर्ड झटकत होतो.

"आप कल से आराम कीजिए," मनीषभिया म्हणाले. आवाज मऊ होता. माणसाला काढताना कापडाच्या दुकानातला मऊपणा फार उपयोगी पडतो.

तारेसाहेबांना ते रजा दिल्यासारखं वाटलं असावं. किंवा वाटून घेतलं असावं. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या वेळेला जिना चढून वर आले. मनीषभियांनी मला त्यांच्या मशीनवर बसायला सांगितलं होतं, चोपदार तिथेच होता. मी त्यांच्या खुर्चीत होतो. ते दारात उभे राहिले. मी उठायला हवं होतं. सत्तर पायऱ्या असत्या तर कदाचित विचार करायला वेळ मिळाला असता, पण ते एकदम समोर आले आणि मी उठलो नाही.

"बस, बस," तारेसाहेब म्हणाले. जणू मी उठतच होतो आणि ते मला परवानगी देत होते. मग खाली गेले. खिडकीतून बघितलं तर चक्कीसमोर पीठ न्यायला आलेल्या बायकांच्या बाजूला बराच वेळ उभे होते. स्कूटर समोर होती, पण ते निघत नव्हते.

मी दुसरा तरीका लिहिला का? नाही. जमला नाही. चोपदारात फक्त एक अट घातली: बदली कायमपेक्षा नवी दिसली तर थांब आणि ओरड. माझं योगदान तेवढंच. तेवढ्यावर गिऱ्हाईक परत आलं, कंपनी विजय नगरच्या काचेच्या इमारतीत गेली, मला केबिन मिळाली. पुढे विंडोजलाही लिंका आल्या. तरी चोपदार कोणी काढला नाही, कारण चालतंय त्याला कोण हात लावतो. रेखा दुसरीकडे गेली. जाताना सगळ्यांना भेटली, मलाही भेटली. सगळ्यांशी बोलली तेवढंच माझ्याशी बोलली.

तारेसाहेब त्यानंतर मला एकदाच दिसले. माझ्या मेव्हण्याची इंदूरजवळ हातोदकडे जमीन आहे. सोयाबीन घेऊन तो तिथल्या मंडीत निघाला होता आणि मी रजेवर होतो, म्हणून बरोबर गेलो. एका व्यापाऱ्याच्या पेढीत मेव्हणा शिरला आणि आतून आवाज आला, "आधी मला सांगा, ती वायर कोणी ओढली?" मी बाहेरच थांबणार होतो, पण त्यांनी मला बघितलं होतं.

केस पांढरे झाले होते. सफारी तीच किंवा तसलीच. पेढीचा कॉम्प्युटर ते बघत होते आणि दोन मुनीम त्यांच्याकडे वैतागून बघत होते. म्हणजे सगळं व्यवस्थित चाललं होतं.

"या, या," त्यांनी मला खुर्ची दाखवली आणि मुनिमांकडे वळले. "हा पुराणिक. इंदूरला माझ्या हाताखाली होता. आता मोठा साहब आहे. परदेशाचं काम करायचो आम्ही."

"तो फिर आपने वो छोडा क्यों, बाबूजी?" त्यातला एक मुनीम म्हणाला. विचारण्याचा सूर असा होता की हा प्रश्न पहिल्यांदा येत नव्हता, आणि आधीच्या उत्तरावर त्यांचा विश्वास नव्हता.

तारेसाहेब माझ्याकडे बघत होते. त्या दिवशी कीबोर्ड झटकून मी चुकवलेली नजर, ती आता आली.

"साहेबांनी स्वतःच सोडलं," मी म्हणालो. "कंपनी बहुत रोक रही थी. रुके नहीं."

"ऐकलं?" तारेसाहेब मुनिमांना म्हणाले.

मेव्हण्याचं काम आटोपत आलं तसे ते मला बाहेर सोडायला आले. ट्रॉल्यांच्या रांगा होत्या, धूळ होती. मला वाटलं, आता बोलायला हवं. मी सुरुवात केली, "साहेब, त्या संध्याकाळी तुम्ही स्वतःच खरं सांगणार होतात, आणि मी..."

"तुला काय माहीत?" ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मी खरंच सांगणार होतो, हे तुला काय माहीत? घरी जेवताना मी तीन प्रकारे बोलून बघितलं होतं. एकात रेखाचं नाव होतं." ते ट्रॉल्यांकडे बघत होते. "उठून उभा राहिलो तेव्हा त्यातलं कोणतं तोंडातून निघणार, ते मलाच ठाऊक नव्हतं. अजून नाही. माणसाला कळायला पाहिजे ना रे, आपण कोणतं बोललो असतो ते."

ते मागे वळले. पेढीच्या दारात मुनिमानं कॉम्प्युटरवर चहाचा कप ठेवलेला त्यांना दिसला असावा, कारण उंबऱ्यावर पाय ठेवण्याआधीच ते त्याला ओरडायला लागले होते.